विठ्ठलवाडीचं टोक

साईनाथ मूळचा आंबिवलीचा. वडील दौलतराव तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा साईनाथ दहावीला होता. पुढचं शिक्षण म्हणाल तर ते लोकांच्या गच्च्यांवर झालं. आधी केबल टीव्हीच्या काळ्या जाड तारा ओढल्या. मग सोसायट्यांमधल्या पोरांना आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून खेळायचं वेड लागलं, तेव्हा या गच्चीवरून त्या गच्चीवर निळ्या तारा टाकल्या. पाण्याच्या टाकीला बांधायच्या, मध्ये झाड आलं तर फांदीवरून न्यायच्या. या कामात तो एकदा डोंबिवलीत दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडलेला. खाली गॅरेजचा पत्रा होता, त्याने झेललं.

नंतर काचेची तार आली. केसासारखी बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर सगळा कारभार चालतो. तुटलेली दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरायची, बारीक ठिणगी पाडायची, की काच वितळून एकजीव होते. साईनाथला हे काम फार आवडलं. त्यात आरडाओरडा नव्हता, ओढाताण नव्हती. मांडी घालून बसायचं आणि श्वास रोखून करायचं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी एकच सांगायचा, "टोक लावायच्या आधी पुसायचं. दिसो ना दिसो, पुसायचं. उजेडाच्या वाटेत धुळीचा कण म्हणजे आपल्या डोळ्यात कुसळ."

घरी तो आणि विनिता, दोघंच. मूल एक झालं होतं, मुलगी. सातव्या महिन्यात झाली आणि संध्याकाळपर्यंतच राहिली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं की यात कोणाची चूक नाही. पण साईनाथची आई हौसाबाई दारात बसून बोलून गेली, "हरतालिकेला पाणी प्यायलेली ना ही. मी तेव्हाच म्हटलेलं." म्हातारीही दुःखात होती, तिला आपण काय बोलतोय ते कळलं नसेल. पण विनिताने ते शब्द धरून ठेवले. त्या वर्षी ती जेवेनाशी झाली. ताट समोर ठेवलं की हात मांडीवर घेऊन बसायची. रात्री मध्येच उठून साईनाथला विचारायची, "एक भांडंच प्यायले होते हो. एका भांड्याने एवढं होतं?" तो तिला घास भरवायचा. किती महिने भरवले ते त्यालाच ठाऊक. त्यातून ती उठली, पण उठली ती वेगळीच होऊन. देवाचं काही करताना फूल उलटं पडलं, वात तिरकी झाली, की चेहरा उतरायचा. निरांजनातलं तूप संपायच्या आत ती तीन वेळा बघून जायची. हौसाबाई गेल्या, पण त्यांचं ते वाक्य घरातून गेलं नाही.

साईनाथने मनाशी एक ठरवून टाकलं होतं. हिच्या हातून काही चुकलं असं पुन्हा कोणी हिला म्हणता कामा नये. निदान आपल्या घरात तरी नाही.

त्याला आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं ते दोन वर्षांपूर्वी. नौपाड्यात एक मोठं निदान केंद्र आहे, रक्त तपासतात, स्कॅन काढतात. त्यांच्या शाखा कल्याण, विठ्ठलवाडी आणि आंबिवलीला. प्रत्येक शाखेत आतल्या आत कॉम्प्युटर जोडलेले होते, पण एका शाखेचं दुसरीला काही दिसायचं नाही. स्कॅनच्या तबकड्या पिशवीत घालून रिक्षाने, गाडीने नौपाड्याला जायच्या. आता या चारही ठिकाणची जाळी वेगवान फायबरने एकत्र बांधायची होती, म्हणजे विठ्ठलवाडीत काढलेलं स्कॅन त्याच मिनिटाला नौपाड्याच्या डॉक्टरांच्या पडद्यावर. लांबची तार एका कंपनीची, भाड्याने घेतलेली. पण प्रत्येक शाखेतली शेवटची जोडणी आणि पुढची देखभाल साईनाथकडे. नौपाड्याच्या कॉम्प्युटर विभागाचा अपूर्व म्हणून तरुण साहेब होता, त्याने साईनाथचं काम आधी कुठेतरी पाहिलेलं.

"साईनाथदादा, हे नीट उभं राहिलं की देखभाल तुमचीच. वर्षानुवर्षं," अपूर्व म्हणाला.

साईनाथ घरी येऊन विनिताला म्हणाला, "आता गच्च्या संपल्या बघ माझ्या."

आंबिवली झाली, कल्याण झालं. विठ्ठलवाडी शेवटची. केंद्राच्या मालकांनी उद्घाटनाला दसरा धरला, अकराच्या आधीचा मुहूर्त. साईनाथने अष्टमीलाच सगळी तयारी करून ठेवली. नव्या पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला लावायच्या त्या पिवळ्या जोडतारा, पाकिटातून काढून तपासल्या, टोकं पुसली, टोकांवरच्या बारीक टोप्या परत बसवल्या आणि पिशवी घरी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, कामाला जुंपायचं नाही. साईनाथ पडला त्या वर्षापासून विनिता ही पूजा फार मनापासून करायची. एरवी तो स्वतः यंत्राची बंद पेटी पाटावर ठेवायचा आणि ती पेटीला हळदकुंकू लावायची. या वेळी तो सकाळीच मधुबरोबर विठ्ठलवाडीला गेला, रॅकची, म्हणजे यंत्रं ठेवायच्या कपाटाची, जागा बघायला. मधु त्याच्या जुन्या कामातला जोडीदार. विनिताने पिशवी उघडली. यंत्र काढलं, काच कापायचं, सोलायचं, कात्री, पक्कड, सगळं ओळीने मांडलं. त्यात त्या पिवळ्या जोडतारा निघाल्या. टोकांवर पारदर्शक टोप्या. टोपीवर कुंकू लावलं तर ते टोपीला लागेल, आतल्या हत्याराला कसं पोचणार? तिने एकेक टोपी जपून काढली, आतल्या पांढऱ्या टोकाला अनामिकेने ओलं हळदकुंकू टेकवलं, फूल वाहिलं, आणि वाळल्यावर टोप्या होत्या तशा बसवल्या.

साईनाथ दुपारी आला तेव्हा पाटावर झेंडूची आरास होती.

"सगळ्यांना लावलं हं," ती म्हणाली. "एकाला वगळलं नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. बरेच दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला होता, त्याने तोच पाहिला.

दसऱ्याला विठ्ठलवाडीच्या शाखेत माणसं जमली. मालक, डॉक्टर, अपूर्व, हार, नारळ. लिफ्ट बंद होती, मालक जिने चढून घामाघूम. भटजी घड्याळाकडे बघत होते. साईनाथने पॅचकॉर्ड काढली, टोपी काढली. खिशात पुसायचा कागद होता. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, आटपा, मुहूर्त चाललाय." परवाच पुसून ठेवलेली टोकं, टोपीबंद, आपल्याच पिशवीतून आलेली. त्याने तशीच लावली. खट् आवाज झाला, दिवा हिरवा झाला, नारळ फुटला. नौपाड्याहून डॉक्टरांचा फोन आला की स्कॅन दिसतंय. अपूर्वने सर्वांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं सुरू झालं.

तार बंद पडत नव्हती, बंद पडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर चालायची आणि मध्येच तिला धाप लागायची. स्कॅन निम्मं यायचं आणि अडकायचं. कधी खोलीचं दार आपटलं की, कधी काही कारण नसताना. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मेंदूचं स्कॅन नौपाड्याला अर्धंच पोचलं, पुन्हा पाठवेपर्यंत घरच्यांनी घाबरून त्यांना दुसरीकडे हलवलं. पुढे त्यांचं काय झालं ते शाखेत कोणाला कळलं नाही. साईनाथला मात्र जेवताना ते आठवायचं.

"साईनाथदादा, परत गेलंय."

"बघतो सर. कळव्याजवळचा जॉइंट उघडतो आज."

"काल पत्रीपुलाचा उघडलात ना?"

"तो ठीक आहे. शीळ रस्त्याला खोदकाम चाललंय, तिथे कुठेतरी दाबली गेली असेल."

"विठ्ठलवाडीचं टोक बघितलंत?"

"ते मी स्वतः लावलंय सर. तिथे बघायची गरज नाही."

हे त्याने एकदा नाही, अनेकदा सांगितलं. तरी शंका नको म्हणून विठ्ठलवाडीला जाऊन तपासायचं यंत्रही लावलं. पण ते यंत्र असं असतं की ते लांबचा दोष दाखवतं, ज्या टोकाला लावावं त्याच्या अगदी जवळचं त्याला दिसत नाही. सगळी दिवाळी तो रस्त्याच्या कडेला झाकणं उघडून बसला. फराळ डब्यात तसाच राहायचा. विनिता विचारायची, "सापडलं का हो?" तो मान हलवायचा. तिने देव पाण्यात ठेवले.

शेवटी अपूर्व स्वतः आला. कुठून तरी टोक मोठं करून दाखवणारी दुर्बीण आणली होती, तिचा छोटा पडदा हातात. रॅकच्या खोलीत तो, साईनाथ आणि मधु. अपूर्वने दारापासून सुरुवात करायची म्हणून पहिल्यांदा तीच पिवळी पॅचकॉर्ड काढली, दुर्बिणीला लावली. पडद्यावर गोल टोक आलं आणि त्यावर काळ्या ढेकळांचा थर, मधोमध जरासा उघडा. त्या फटीतून इतके दिवस उजेड जात होता.

अपूर्वने पांढरा कागद औषधात भिजवला आणि टोक त्यावर ओढलं. तांबूस तपकिरी रेघ उमटली.

"हे काय आहे?" अपूर्वने कागद उजेडात धरला. "कात? साईनाथदादा, तुम्ही गुटखा खाता?"

साईनाथने रॅकमध्ये पडलेली त्या टोकाची टोपी उचलली. टोपीच्या आतल्या कडेला पिवळा कण चिकटलेला. सगळ्यांना लावलं हं, एकाला वगळलं नाही. विनिताचे खंडेनवमीचे शब्द त्याला आठवले.

खरं सांगायला दोन शब्द लागले असते. अपूर्व कदाचित हसला असता, कदाचित माफही केलं असतं. पण तिथे मधु उभा होता. मधुच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि मधुची बायको गोदा विनिताच्याच भजनी मंडळात. दिवेलागणीपर्यंत तिथे टाळांच्या जोडीला हेच वाजलं असतं, विनिताने कुंकू लावलं आणि नवऱ्याचं काम बुडवलं. आणि मग ती पुन्हा ताटासमोर हात मांडीवर घेऊन बसली असती. शिवाय पुसायचं कोणी होतं? कागद कोणाच्या खिशात होता?

"हो," साईनाथ म्हणाला. "खातो कधीतरी."

मधु बघतच राहिला. "तू? साल्या, वीस वर्षं मला लेक्चर देतोस आणि माझ्याच पाठीमागे?"

अपूर्वने दाराकडे बोट दाखवलं. दारावर तंबाखूबंदीची पाटी होती, मालकांनी स्वतः लावलेली. "दादा, दुसरं काहीही असतं तर मी सांभाळून घेतलं असतं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तिथे पेशंटची स्कॅन अडकत होती आणि तुम्ही मला टोक बघू देत नव्हतात. मी वर काय सांगू?"

"आहे ते सांगा सर. चूक माझीच आहे. पुसलं नाही मी."

पुसलेल्या टोकाने तार सुरळीत चालू लागली. देखभालीचं काम महिनाअखेरीला मधुकडे गेलं. मधु आत शिरताना खिशातली पुडी बाहेर चपलेत ठेवतो, एवढंच. साईनाथ आता दुसऱ्याच्या हाताखाली घरोघरी इंटरनेटच्या तारा बसवतो. पुन्हा गच्च्या, पुन्हा टाक्या. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे बोलतात.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आलीच नव्हती. 'हो' म्हणताना त्याला विनिताचं कुंकू दिसलं, सुदेश दिसला नाही. सुदेश विनिताचा थोरला भाऊ. गुटख्यानेच गेला, गाल आतून पोखरून. शेवटच्या दिवसांत त्याला नळीने दूध घालावं लागायचं आणि ते साईनाथ घालायचा.

गोदाने सांगितलं तेव्हा विनिताने तिच्याशी भांडण काढलं, म्हणे. मग घरी येऊन साईनाथची वाट बघत बसली. तो आला, हातपाय धुतले, तरी ती बसूनच.

"गोदा म्हणते ते खोटं आहे ना?"

तो पंच्याला हात पुसत राहिला.

"अहो, मी तिला तोंडावर सांगून आले. म्हटलं, आमच्या ह्यांनी सुपारीसुद्धा खाल्ली नाही कधी. तेवढं म्हणा. पुढे मी काही विचारणार नाही."

पण ती विचारणारच होती. खाल्ला नाही म्हटलं की मग ते लाल काय होतं, आणि लाल काय होतं याचं उत्तर तिच्या स्वतःच्या बोटावर होतं. साईनाथने देवघराकडे पाठ केली. एवढंच त्याला करता आलं.

"खरं आहे ते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"दादाला दूध घालायचात तेव्हा?"

त्याने मान खाली घातली. तिने ते 'हो' असंच समजून घेतलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठून आत गेली आणि त्याचं पान वाढलं. त्या दिवसापासून तिने त्याच्या शर्टाचे खिसे धुवायच्या आधी उलटे करून बघायला सुरुवात केली. शर्ट नाकाशी धरायची. तो दिसला की खाली करायची.

आणि तिने भात सोडला. माणसं देवापुढे काही ना काही सोडतात, कोणी गोड, कोणी चहा. विनिता देवगडकडची, भाताशिवाय तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. तिने दत्तासमोर उभं राहून सांगितलं, यांचं व्यसन सुटू दे, वर्षभर भाताला शिवणार नाही. साईनाथला हे कळलं ते ताटावर बसल्यावर. त्याच्या पानात भाताची मूद, तिच्या पानात ज्वारीची भाकरी.

"कशाला हे?" त्याने विचारलं. "मी सोडतो म्हटलं ना."

"तुमच्या म्हणण्याने सुटत असतं तर लपवलं असतंत कशाला?"

भाकरी तिला पचत नाही. दुपारी पोट धरून बसते, ओवा खाते, पण व्रत मोडत नाही. त्याने एकदा आपल्याही पानातला भात बाजूला सारला, तर ती म्हणाली, "तुम्ही खा. तुम्ही उपाशी राहिलात तर मग तलफ येते म्हणे, गोदा सांगत होती." तो खायला लागला. तिने समोर बसून शेवटच्या शितापर्यंत खायला लावलं.

असे महिने गेले. ती वाळली. गळ्याची हाडं दिसायला लागली. साईनाथच्या ओठावर अनेकदा आलं. एकदा संध्याकाळी तुळशीपाशी ती एकटी होती, तेव्हा तो जवळ जाऊन उभाही राहिला. म्हणाला, "विनिता, ते विठ्ठलवाडीला..." ती वळली, आणि त्याला तो जुना चेहरा दिसला, एका भांड्याने एवढं होतं का विचारणारा. तो म्हणाला, "विठ्ठलवाडीला उद्या जायचंय, डबा लवकर दे."

परवाच्या रविवारी ती मोरीपाशी कपडे भिजवत होती. साईनाथ बाहेर पेपर चाळत बसलेला. तिने त्याचा आठवड्याचा शर्ट उचलला, खिसा उलटा केला, नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तसाच ओला हात घेऊन बाहेर आली.

"अहो," ती म्हणाली, "वास येत नाही आता."

साईनाथने वर पाहिलं.

"आधी यायचा. मला वाटायचं तारांचा असेल. आता मुळीच येत नाही. सुटलं ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मुलगी गेल्यापासून असं हसताना त्याने तिला पाहिलं नव्हतं. वास कधीच नव्हता. पण तिने काहीतरी मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून सगळं बरोबर घडलं होतं.

"सुटलं," तो म्हणाला.

"ऐकलं बघा दत्ताने."

"मग आज भात खा."

"छे. मिळालं म्हणून काय मध्येच मोडायचं? वर्ष पुरं करीन. उलट पुढचंही वर्ष करावं म्हणते, परत नको लागायला." ती आत गेली. कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला, पाट मांडला. एकाच पानाला भात वाढला, वर वरण, वरणावर तूप, आणि हाक मारली, "या, निवतंय."

साईनाथ जाऊन बसला. तिने आपली भाकरी मोडली. त्याने भात कालवला आणि पहिला घास घेतला. ती बघत होती म्हणून गिळला.